थिएटर हलवायचं की नाही? इसार देण्याआधी करायची कामं, क्रमाने

तालुक्याच्या गावातलं एकपडदा थिएटर. तिकीटविक्री घसरलेली, छत गळतंय, बायपासला नवं व्यापारी संकुल झालंय आणि तिथला मालक म्हणतो, "वरचा मजला घ्या, भाड्याचं बघू." पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. आधी जागा आवडते, मग इसार दिला जातो, मग हिशेब मांडला जातो. इसार दिलेला असल्यामुळे हिशेब 'हो' असाच येतो. परवानगीची चौकशी शेवटी होते आणि छताची उंची त्याहून शेवटी.

हा क्रम उलटा करायचा. त्याचं एक साधं कारण आहे. थिएटरचा परवाना माणसाइतकाच जागेलाही असतो. तो पेटीत घालून नव्या पत्त्यावर नेता येत नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही एक थिएटर बंद करून दुसरं उघडत असता. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी थांबायची मुभा आहे आणि पहिल्या दोन टप्प्यांतच थांबावं लागलं तर सगळ्यात उत्तम. तोवर फारसा खर्च झालेला नसतो.

## टप्पा १: दुखणं जागेचंच आहे का, ते शोधा

गेल्या तीन वर्षांचे डीसीआर काढा. वितरकाला रोज पाठवलेला कलेक्शनचा कागद फाइलमध्ये असतोच. त्याहून मागचे आकडे काढलेत तर २०२० आणि २०२१ ही वर्षं तुलनेत धरू नका. राज्यातली थिएटरं मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. त्या आकड्यांवरून जागेबद्दल काहीच कळत नाही.

एकूण कलेक्शन बघू नका, खेळवार माणसं मोजा. वहीत चार रकाने पाडा: शुक्रवार ते रविवार, सोमवार ते गुरुवार, दुपारचे खेळ, रात्रीचे खेळ. मग दोन गोष्टी तपासा.

पहिली, राज्यभर तुफान चाललेला सिनेमा तुमच्याकडे लागला तेव्हा पहिल्या रविवारी थिएटर भरलं होतं का? भरलं असेल तर लोकांना तुमचा पत्ता माहीत आहे आणि त्यांना तिथवर येताही येतं. मग अडचण लागणाऱ्या सिनेमांची आहे, किंवा ते तुम्हाला उशिरा मिळतात याची. जागा बदलून यातलं काही सुटणार नाही.

दुसरी, अशा सिनेमालाही ठरावीक खेळच रिकामे राहिले का? दुपारी गर्दी आणि रात्री नऊच्या खेळाला शुकशुकाट असेल तर रस्त्यावरचे दिवे, शेवटची एसटी, दुचाकी लावायची सोय आणि बायकांना परतताना वाटणारी भीती यांकडे बघा. हे मात्र खरोखर जागेचं दुखणं आहे.

यानंतर चार आठवडे बुकिंगच्या खिडकीवर एक वही ठेवा. प्रत्येक तिकिटामागे एकच प्रश्न: "कुठून आलात?" पेठ किंवा गाव लिहायचं, बास. पार्किंगमध्ये दुचाकी किती, गाड्या किती, पायी किती आले, हे डोअरकीपरला लिहायला सांगा. नवी जागा बायपासला आणि निम्मी माणसं बाजारपेठेतून पायी येणारी, असं निघालं तर उत्तर जवळपास तिथेच मिळतं.

नेहमीची चूक: जे येतात त्यांनाच विचारणं. जे येत नाहीत ते एसटी स्टँडवर, कॉलेजच्या गेटवर आणि आठवडी बाजारात भेटतील. तिथे जाऊन "शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिलात आणि कुठल्या?" एवढंच विचारा. "नवीन ठिकाणी थिएटर झालं तर याल का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळे हो म्हणतात.

## टप्पा २: न हलता काय होतं, त्याचा खर्च काढा

लोक कशाला कंटाळलेत याची यादी केली तर बहुतेक ठिकाणी तीच नावं येतात: स्वच्छतागृह, खुर्च्या, उकाडा, अंधुक पडदा, फाटका आवाज. यांतलं एकही जागेला चिकटलेलं नाही. प्रत्येकाचं लेखी कोटेशन घ्या आणि बेरीज एका कागदावर ठेवा. टप्पा ६ मध्ये हा कागद लागणार आहे.

स्वच्छतागृहापासून सुरुवात करा. बायकांनी यायचं थांबवलं की अख्खं कुटुंब थांबतं. टाइल्स, पाणी, दाराची कडी, दिवा आणि दर खेळानंतर सफाई, एवढं करून तीन महिने आकडे बघा. स्थलांतराच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि पुढे निर्णय काहीही झाला तरी यातून एक पक्की माहिती हाती येते.

दुसरा पर्याय हॉल विभागायचा. सहाशे-आठशे खुर्च्यांच्या जुन्या थिएटरात बाल्कनी वेगळी करून तिथे छोटा पडदा करता येतो, खालचा भाग वेगळा चालवता येतो किंवा भाड्याने देता येतो. मोठा हॉल थंड करायची वीज हाच खर्च अनेक ठिकाणी जीव काढतो. एका खेळाला साठ माणसं येत असतील तर आठशे खुर्च्यांची हवा थंड करण्यात काय अर्थ आहे?

इशारा: परवाना असलेल्या इमारतीत भिंत, दार किंवा खुर्च्यांची मांडणी बदलायची असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी लागते. 'आतल्या आत' केलेली पार्टिशन नूतनीकरणाच्या वेळी अंगाशी येते.

## टप्पा ३: जुन्या जागेची कागदपत्रं उघडा

जुनी जागा सोडल्यावर काय हातचं जातं, हे नवी जागा बघण्याआधी कळलं पाहिजे.

जागा भाड्याची असेल तर भाडेकरार वकिलाला दाखवा. जुन्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण असू शकतं आणि असं नाममात्र भाडं आयुष्यात पुन्हा मिळत नाही. (भाडेकरू म्हणून एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाची कंपनी असेल तर हे संरक्षण नाही.) याच कायद्यात पागडीलाही मान्यता आहे. म्हणजे ताबा सोडताना तुमच्या हक्काला किंमत असते. चावी परत देऊन मोकळं होण्याआधी ती किंमत ठरवा.

इशारा: आधी थिएटर बंद करून मग नव्या जागेचा शोध घेऊ नका. जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी ती योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर मालकाला ताबा मागायला कायद्याने कारण मिळतं. 'नूतनीकरणासाठी बंद' असा फलक लावून वर्षभर कुलूप घातलं, तर आपली बाजू आपणच पोखरतो.

जागा मालकीची असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून नावं बघा. थिएटर आजोबांनी बांधलेलं असतं आणि आज त्यावर भाऊ, बहिणी, चुलत भाऊ अशी आठ-दहा नावं लागलेली असतात. जुनी जागा विकून नव्या जागेचा पैसा उभारायचा बेत असेल तर या सगळ्यांच्या सह्या लागतील. तोंडी 'आमचं काही म्हणणं नाही' चालत नाही.

जुन्या थिएटरच्या भूखंडावर नवी इमारत उभारायची तर विकास नियंत्रण नियम आडवे येऊ शकतात. मुंबईत थिएटर पाडून बांधताना नव्या इमारतीत ठरावीक प्रमाणात थिएटर ठेवण्याची अट राहत आली आहे. तुमच्या भूखंडाला कोणती अट लागू आहे हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या. बिल्डरच्या सांगण्यावर पैशांचं गणित उभं करू नका.

इथे थांबून तपासा: एका कागदावर तीन ओळी लिहून होतायत का? जुनी जागा कोणाच्या नावावर आहे, ती सोडल्यावर किती पैसे मिळतील, आणि ते कधी मिळतील. तिसरी ओळ रिकामी राहिली तर तो पैसा हिशेबात शून्य धरा.

## टप्पा ४: नवी जागा डोळ्यांनी नव्हे, टेपने बघा

गोदाम, बंद पडलेलं जिनिंग, मंगल कार्यालयाचा हॉल, व्यापारी संकुलाचा वरचा मजला: तालुक्याच्या ठिकाणी साधारण याच जागा समोर येतात. बघायला जाताना मोजपट्टी आणि वही न्या. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. नात्यातल्या हौशी माणसाला घरी ठेवा.

उंची आणि खांब. पहिल्या दहा मिनिटांत हेच बघायचं. उदाहरण म्हणून ९ मीटर रुंद पडदा घेऊ. स्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाचं रुंदी-उंचीचं प्रमाण २.३९ : १, म्हणजे चित्राची उंची सुमारे ३.७७ मीटर. पडद्याची खालची कड जमिनीपासून १.२ मीटरवर ठेवली तर वरची कड जवळपास ५ मीटरवर जाते. वर चौकट, एसीचं डक्ट, फॉल्स सीलिंग. म्हणजे सहा मीटर मोकळी उंची हवी. दुकानांसाठी बांधलेल्या एका मजल्यात ती मिळत नाही. मधला स्लॅब काढू, असं मालक म्हणाला तर मंजूर नकाशात तो बदल कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करणार, हे विचारा. आणि हॉलच्या मधोमध खांब असेल तर तिथून परत फिरा. खांबामागच्या खुर्च्या वगळून चालवू, असं म्हणणारे नंतर त्या खुर्च्यांचीही तिकिटं फाडतात आणि भांडणं खिडकीवर येतात.

खुर्च्या किती बसतील. मालक चौरस फूट सांगेल, तुम्ही कोन मोजा. पहिल्या रांगेतून पडद्याच्या वरच्या कडेकडे बघताना मान ३५ अंशांपेक्षा वर जाऊ नये. वरच्या उदाहरणात ही रांग पडद्यापासून साडेपाच मीटरवर येते. शेवटच्या रांगेतून पडदा किमान ३० अंशांत भरला पाहिजे, म्हणजे ती पावणेसतरा मीटरच्या पुढे नको. मधल्या सव्वाअकरा मीटरमध्ये १.१ मीटर अंतराने ११ रांगा बसतात. रांगेत २० खुर्च्या धरल्या तर २२० जागा आणि दोन्ही बाजूंच्या वाटा धरून हॉलची रुंदी साडेतेरा मीटरच्या आसपास. मालकाने 'तीनशे आरामात बसतील' म्हटलं तर त्याने लग्नातल्या खुर्च्या मोजल्यात.

लेन्स. हा मुद्दा जवळपास सगळ्यांच्या यादीतून सुटतो. प्रोजेक्टर नेता येतो, पण त्याची लेन्स नव्या हॉलला चालेलच असं नाही. केबिनपासून पडद्यापर्यंतच्या अंतराला पडद्याच्या रुंदीने भागा. जुन्या हॉलमध्ये ३० मीटर अंतर आणि १२ मीटर पडदा असेल तर भागाकार २.५ येतो. नव्या हॉलमध्ये १८ मीटर आणि ९ मीटर, म्हणजे २. लेन्सवर लिहिलेल्या टप्प्यात हा २ बसला नाही तर चित्र पडद्यापेक्षा लहान पडेल आणि नवी लेन्स घ्यावी लागेल. यात एक फायदाही आहे. पडद्याचं क्षेत्रफळ निम्म्याच्या थोडं वर आल्याने प्रकाशही तेवढाच कमी लागतो. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा कमी ताकदीचा चालेल आणि पडद्यावरचा उजेड १४ फूट-लॅम्बर्टच्या (हे उजेड मोजायचं एकक) प्रमाणाला सहज पोचेल.

आवाज, दोन्ही बाजूंनी. रात्री दहानंतर जा. एकाने हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर खर्जातला आवाज लावायचा, दुसऱ्याने शेजारच्या घराच्या भिंतीला उभं राहायचं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ५५. मग उलट करा. स्पीकर बंद ठेवून आत शांत बसा. पिठाची गिरणी, बायपासचे ट्रक, देवळाचा भोंगा यांतलं काय ऐकू येतं? पत्र्याचं छत असेल तर पावसात एकदा जाऊन बसल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका. जुलैमधल्या सरीत पत्र्याखाली संवाद ऐकू येत नाहीत आणि त्यावरचा उपाय स्वस्त नाही.

बाहेर पडायचे रस्ते आणि वीज. हॉलमधून रस्त्यावर जाणारे किमान दोन वेगळे मार्ग आहेत का, दारं बाहेर उघडतात का, वरच्या मजल्यावर असाल तर दोन्ही जिने खरोखर मोकळे आहेत का, की एकात दुकानदारांची खोकी रचलेली आहेत? ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य पॅनेल कुठे आहेत ते बघा. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. आग तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती, धूर बाल्कनीत भरला आणि तिथल्या एका बाजूची वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती. पार्किंगमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेलं संकुल दिसलं की हे आठवावं. महावितरणकडून मंजूर भार किती आहे, वाढवून मिळेल का आणि त्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर कोणाच्या खर्चाने, हेही लेखी हवं.

वजन. वरच्या मजल्यावर हॉल असेल तर स्लॅब त्या कामासाठी बांधलेला आहे का ते इंजिनिअर सांगेल. स्थिर खुर्च्यांच्या सभागृहाला भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भार धरतात. त्यावर पायऱ्यांची मांडणी येते. ती काँक्रीटची करायची की लोखंडी सांगाड्याची, हा प्रश्न इथेच सोडवा.

## टप्पा ५: परवानगी मिळेल का, हे आधी विचारा

महाराष्ट्रात थिएटर १९५३ च्या महाराष्ट्र सिनेमा (विनियमन) अधिनियमाखाली आणि १९६६ च्या नियमांखाली चालतं. जिल्ह्यात काम जिल्हाधिकारी कार्यालयातून होतं. तिथल्या करमणूक शाखेत प्रस्ताव घेऊन जा आणि तुमच्या प्रकरणाला लागणाऱ्या कागदांची यादी मागून घ्या. सार्वजनिक बांधकाम, विद्युत निरीक्षक, अग्निशमन, नगरपरिषद, आरोग्य आणि पोलीस अशा वेगवेगळ्या कार्यालयांचे अभिप्राय येतात.

इसार देण्याआधी पुढचे कागद हातात हवेत:

१. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र. 'अर्ज केलाय' म्हणजे ते नाही, असं समजा.
२. मंजूर नकाशात त्या मजल्याचा वापर काय लिहिलाय. 'गोदाम' लिहिलेल्या जागेत थिएटर बसत नाही, वापरबदल करून घ्यावा लागतो.
३. जमीन बिगरशेती असल्याचा आदेश आणि त्यातल्या अटी.
४. अग्निशमन अधिकाऱ्याचं प्राथमिक मत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यायचं असतं. संकुलाच्या मालकाकडे मागची दोन आहेत का ते विचारा. एवढ्या एका प्रश्नावरून तो मालक कसा आहे ते कळतं.

शेजारी शाळा, दवाखाना किंवा प्रार्थनास्थळ असेल तर हरकती येणार हे गृहीत धरा. आधी जाऊन त्या लोकांशी बोला. नोटीस लागल्यावर बोलायला गेलात तर ते बोलणं भांडणासारखं सुरू होतं.

नेहमीची चूक: 'जुना परवाना आहे, नवा काय, लगेच होईल' या भरवशावर जुन्या थिएटरचा शेवटचा खेळ जाहीर करणं. जुना परवाना चालू ठेवा, नूतनीकरण चुकवू नका, आणि नवा हातात येईपर्यंत जुन्या पडद्यावर खेळ चालू द्या.

## टप्पा ६: हिशेब, एका तिकिटापासून

आता पैसे. हा टप्पा इतका उशिरा ठेवला, कारण वरचे आकडे नसतील तर हिशेब म्हणजे नुसती इच्छा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

तिकीट १०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी ५ टक्के, म्हणजे कर वजा जाता ९५.२४ उरतात. वितरकाचा हिस्सा सरासरी ४५ टक्के धरू, म्हणजे ४२.८६. तुमच्याकडे ५२.३८. पण वितरकाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ७.७१. तुम्ही तिकिटावर गोळा केलेल्या करातून तो वजा करता येतो (यालाच क्रेडिट म्हणतात), पण गोळा केलेला कर फक्त ४.७६. उरलेले २.९५ क्रेडिट म्हणून पडून राहतात आणि सेवांवरच्या अशा शिल्लक क्रेडिटचा परतावा मिळत नाही. ते खर्चातच धरा. हाती ४९.४३. खाण्यापिण्यातून माणशी १२ रुपये सुटत असतील तर एका प्रेक्षकामागे साधारण ६१ रुपये.

नव्या जागेचा महिन्याचा स्थिर खर्च:

- भाडं १,५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,७७,००० (क्रेडिट पडूनच राहणार, म्हणून करासकट)
- वीज ९०,०००
- पगार १,४०,०००
- देखभाल, सर्व्हरचं भाडं, विमा, मालमत्ता कर ६३,०००
- साठ लाखांचं कर्ज, ११ टक्के, सात वर्षं: हप्ता सुमारे १,०३,०००

बेरीज ५,७३,०००. भागिले ६१, म्हणजे महिन्याला सुमारे ९,४०० तिकिटं. रोज चार खेळ धरले तर खेळामागे ७८ माणसं, २२० खुर्च्यांपैकी ३६ टक्के.

आता जुन्या जागेचा तसाच हिशेब करा. भाडं नाममात्र १५,०००, वीज १,१०,०००, पगार १,४०,०००, बाकी ५०,०००. बेरीज ३,१५,०००, म्हणजे सुमारे ५,१६० तिकिटं, खेळामागे ४३.

निर्णयाचा आकडा या दोहोंमधला फरक आहे: नुसतं तोट्यातून वर राहायला प्रत्येक खेळाला आणखी ३५ माणसं, सोमवारी दुपारच्या खेळालाही. टप्पा १ च्या वहीत ही माणसं कुठून येणार ते दिसतंय का? एखादं मोठं कॉलेज, नवी वसाहत, पार्किंगअभावी परत गेलेल्या गाड्या, असं काही नावानिशी सांगता आलं पाहिजे. 'नवीन जागा म्हटल्यावर लोक येतातच' हे उत्तर धरू नका. नव्याचे नऊ दिवस झाल्यावर सात वर्षांचे हप्ते उरतात.

यानंतर टप्पा २ मधला कागद घ्या आणि तेच गणित जुनी जागा दुरुस्त करण्यासाठी करा. बऱ्याच थिएटरांच्या बाबतीत हाच कागद जिंकतो, असं माझं मत आहे.

तिकिटाचा दर वाढवून फरक भरू, असं वाटत असेल तर: शंभरच्या वर जीएसटी १८ टक्के होतो. ११० रुपयांच्या तिकिटातून करानंतर ९३.२२ उरतात, शंभरच्या तिकिटातून उरणाऱ्या ९५.२४ पेक्षा कमी. प्रेक्षक दहा रुपये जास्त देतो आणि तुम्ही व वितरक मिळून कमी वाटून घेता. साधारण ११३ च्या पुढेच वाढीला अर्थ येतो. मात्र वरच्या दरात पडून राहणारं क्रेडिट वापरता येतं, म्हणून अंतिम गणित सीएकडून करून घ्या.

इशारा: जागेचा मालक जीएसटीत नोंदलेला नसला म्हणजे भाड्यावर कर नाही, असं नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचा असतो.

## टप्पा ७: वितरक आणि करार

वितरकाला आधी विचारा, सिनेमा पहिल्या आठवड्यात मिळेल का? नव्या जागेपासून दोन किलोमीटरवर मल्टिप्लेक्स असेल तर हे गृहीत धरू नका. मल्टिप्लेक्सांकडून वितरकाला मिळणारा हिस्सा २००९ च्या वादानंतर पहिल्या आठवड्याला ५०, मग ४२.५, ३७.५ आणि ३० टक्के असा ठरला होता. तुमच्याशी कोणत्या पद्धतीने बोलणं होणार ते लेखी घ्या. जिल्हा बदलत असाल तर आणखी एक गोष्ट: सिनेमाच्या धंद्यात वितरणाचे वेगळे विभाग, म्हणजे सर्किट असतात. मराठवाडा निझाममध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये मोडतो. सर्किट बदललं की वितरक बदलतो, आणि ओळखीवर मिळणारी उधारीही संपते.

डिजिटल सेवा देणाऱ्या कंपनीशी, यूएफओ असो वा क्यूब, असलेला करार वाचा. सर्व्हर त्यांचा असेल तर हलवायला त्यांची परवानगी लागते. सिनेमा उघडायची डिजिटल चावी ('की') ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती निघते. नव्या पत्त्याची नोंद आणि जोडणी पूर्ण नसेल तर शुक्रवारी सिनेमा डिस्कवर असतो, पण उघडत नाही.

मग जागेच्या मालकाशी करार. या अटींशिवाय सही नको:

- परवाना किंवा नाहरकत न मिळाल्यास इसार आणि अनामत पूर्ण परत, किती दिवसांत तेही लिहून.
- परवाना हाती येईपर्यंत किंवा किमान फिटिंगच्या काळापुरतं भाडं माफ.
- मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त. लिव्ह अँड लायसन्स सहसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा करतात. कर्ज सात वर्षांचं असेल तर शेवटची दोन वर्षं तुम्ही मालकाच्या मर्जीवर. लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा मागा. मुद्रांक जास्त लागेल, तो हिशेबात धरा.
- तुम्ही बसवलेल्या खुर्च्या, एसी, पायऱ्यांचा सांगाडा, ध्वनिरोधक अस्तर यांतलं काय तुमचं आणि काय इमारतीचं.
- पार्किंगच्या जागा नकाशावर रंगवून कराराला जोडलेल्या. 'समोर मोकळं मैदान आहेच' यातलं मैदान उद्या विकलं जातं.

## टप्पा ८: तारीख आणि निर्णय

हलायचं ठरलं तर दिवाळी, ईद, नाताळ आणि मेची सुट्टी यांच्या महिनाभर आधी काम सुरू करू नका. तपासण्या लांबतात आणि वर्षातले कमाईचे आठवडे कुलपात जातात. पितृपक्ष किंवा बारावीच्या परीक्षेचा काळ त्यातल्या त्यात बरा. दोन्ही जागांचं भाडं आणि पगार एकदम द्यावे लागतील, असे किमान चार महिने धरून पैसे बाजूला काढा. ऑपरेटर आणि जुने डोअरकीपर नव्या जागी येणार का ते आधीच विचारा. न येणाऱ्यांची देणी याच रकमेतून जातील.

निर्णयाच्या बैठकीला सगळे भागीदार आणि सह्या लागणारे सगळे नातेवाईक हवेत. बैठकीआधीच तीन मर्यादा कागदावर लिहून ठेवा: जास्तीत जास्त किती खर्च, खेळामागे जास्तीत जास्त किती वाढीव माणसं गृहीत धरायची, आणि परवान्यासाठी कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं. एक जरी मर्यादा ओलांडली तर हलायचं नाही. मर्यादा बैठकीत वाढवायच्या नाहीत. तिथे जागेचा फोटो फिरत असतो आणि सगळ्यांना तो आवडलेला असतो.

उत्तर 'नाही' आलं तर जागेच्या मालकाला त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि काही रक्कम दिली असल्यास पावतीनिशी परत घ्या. दुरुस्तीच्या कोटेशनांची मुदत संपायच्या आत स्वच्छतागृह आणि खुर्च्यांच्या कामाची ऑर्डर द्या. मोजमापांची वही मात्र ठेवून द्या. वर्षभराने कोणी दुसरी जागा दाखवली तर टप्पा ४ चे कोन, उंची आणि लेन्सचा भागाकार तेच लागतील, आणि नव्या मालकाला पहिला प्रश्न छताच्या उंचीचाच विचारा.